दोघांसाठी एकाचा जीव

गेल्या मे महिन्यात आमच्या अणशीच्या घरी एका खुनावरून तीन दिवस वाद चालला होता. वाचकांनी दचकू नये. खून आमच्या गावात झालेला नाही, या पृथ्वीवरदेखील झालेला नाही. दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकथेत, सूर्यमालेच्या पलीकडे फार फार दूर भरकटलेल्या एका अवकाशनौकेवर तो झाला. आणि तो खून होता की योग्य निर्णय होता, हाच तर वादाचा मुद्दा होता.

वादी दोघे. एक माझा भाचा, आमच्या अक्काचा मुलगा, पुण्यास संगणकाच्या नोकरीवर असतो. दुसरी माझी मुलगी, बेळगावात परिचारिकेचे शिक्षण घेते. कारवारहून घाट चढून जोयड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव, चहूकडे रान. फोन लागायचा तर घराच्या मागच्या चढावर जाऊन उभे राहावे लागते. म्हणून भाच्याने पुण्याहूनच ती मालिका आपल्या संगणकात भरून आणली होती. रात्री जेवणे झाल्यावर पडवीत आम्ही सगळे ती पाहत बसलो. मी उपदेशक माणूस, तशात विज्ञानकथांची मला गोडी नाही. मुलांच्या आग्रहास्तव बसलो, आणि त्या एका भागाने माझी झोप घालवली. त्याचे कारण पुढे येईल.

मालिकेचे नाव 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'. 'स्टार ट्रेक'चा पहिला अवतार अमेरिकेत १९६६ साली सुरू झाला. १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शननेही तो दाखवला, आणि तोही रविवारी सकाळी, म्हणजे नेमका उपासनेच्या वेळी! आमच्या घरी त्या वेळी दूरदर्शनचा संच नव्हता, त्यामुळे निदान तो मोह तरी आमच्या वाट्याला आला नाही. 'व्हॉयेजर' हा त्याच घराण्यातला पुढचा अवतार. मी सांगतो आहे तो भाग ६ मे १९९६ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. त्याचे नाव 'टुविक्स'.

गोष्ट अशी. व्हॉयेजर नावाची नौका घरापासून इतकी दूर फेकली गेली आहे की परत यायला सत्तर वर्षे लागावीत. नौकेवर टुवॉक नावाचा अधिकारी आहे. सुरक्षेचे काम त्याच्याकडे. माणूस अतिशय शिस्तीचा, भावना दाखवणे त्याला ठाऊक नाही. घरी बायको-मुले वाट पाहत आहेत. दुसरा नीलिक्स, नौकेचा आचारी. बोलका, प्रेमळ, थोडा आगंतुक. या दोघांचे कधी जमत नाही. एके दिवशी दोघांना एका ग्रहावर वनस्पती गोळा करायला पाठवतात. परत येताना, माणसाला एका जागी विरघळवून दुसऱ्या जागी पुन्हा उभे करणारे जे यंत्र त्या नौकेत आहे, त्यात बिघाड होतो. कारण निघते ते त्यांनी आणलेले एक फुलझाड. आमच्या रानात झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी फुलते, त्याच कुळातले, ऑर्किड. त्या झाडाच्या गुणामुळे यंत्रातून दोघांऐवजी एकच माणूस बाहेर पडतो. त्याच्यात दोघांच्या आठवणी आहेत, दोघांचे गुण आहेत. पण तो टुवॉक नव्हे आणि नीलिक्सही नव्हे. तो स्वतःला टुविक्स म्हणवतो.

काही आठवडे जातात. टुविक्स सुरक्षेचे काम उत्तम करतो, स्वयंपाकही उत्तम करतो. लोकांना तो आवडू लागतो. मग डॉक्टरला उपाय सापडतो : या एकातून ते दोघे पुन्हा वेगळे काढता येतील. सर्वांना आनंद होतो, फक्त टुविक्स म्हणतो, मला मरायचे नाही. तो आजारी नाही, त्याने कोणाचे वाईट केलेले नाही. मी जन्मलो, मी जगतो आहे, मला जगू द्या, एवढेच त्याचे मागणे. दुसऱ्या बाजूस केस नावाची तरुणी आहे (नाव आपल्या कानाला चमत्कारिक लागते खरे). नीलिक्स तिचा प्रियकर, टुवॉक तिचा गुरू. ती कॅप्टनपुढे रडते. टुविक्सने मरावे असे तिलाही वाटत नाही. पण तिला तिची माणसे परत हवी आहेत.

नौकेची कॅप्टन जेनवे नावाची बाई आहे. ती रात्रभर विचार करते आणि ठरवते की दोघांना परत आणायचे. टुविक्स एकेकाच्या तोंडाकडे पाहत विनवतो, माझ्यासाठी कोणी बोलणार नाही काय? कोणीही बोलत नाही. सगळे माना वळवतात. तेव्हा तो म्हणतो की तुम्ही सगळी भली माणसे आहात, हे ओझे तुम्हाला जन्मभर वाहावे लागेल, मी तुम्हाला क्षमा करतो. त्याला दवाखान्यात नेतात. डॉक्टर (तो हाडामांसाचा नाही, प्रकाशाचा बनवलेला, संगणकाने चालणारा आहे) साफ नकार देतो : रोग्याची संमती नसता त्याचा जीव घेणे माझ्या शपथेत बसत नाही. शेवटी कॅप्टन स्वतःच्या हाताने ते यंत्र चालवते. टुविक्स नाहीसा होतो. टुवॉक आणि नीलिक्स उभे राहतात. केस नीलिक्सला मिठी मारते. कॅप्टन एकटी बाहेर पडते, ओळीतून चालत जाते, चेहरा दगडासारखा. कथा तिथेच संपते.

जवळजवळ तीस वर्षे या पाऊण तासाच्या कथेवर ही मालिका आवडणारे लोक देशोदेशी भांडत आहेत. एक पक्ष म्हणतो, कॅप्टनने खून केला. दुसरा म्हणतो, तिने आपल्या दोन माणसांना मृत्यूच्या दारातून ओढून आणले, आणि कॅप्टनचे कामच ते. २०२३ साली याच घराण्यातल्या 'लोअर डेक्स' नावाच्या विनोदी चित्रमालिकेने तोच प्रसंग पुन्हा उकरून काढला. त्यावरून लोकांच्या मनातून तो गेला नाही एवढे दिसते. ज्यांना उद्या कामावर जायचे आहे, पोरांची फी भरायची आहे, ती माणसे एका काल्पनिक प्राण्याच्या मरणावर इतकी का तळमळावीत? प्रथम मला हसू आले. परंतु आपल्या मंडळीत तरी काय होते? इसहाकाला वेदीवर बांधले त्या वेळी साराला ठाऊक होते की नाही, यावर मी दोन वडिलांना पाऊण तास भांडताना पाहिले आहे. ज्या गोष्टीत आपण स्वतः कोठे तरी उभे असतो, तिच्यावरच माणूस भांडतो.

माझा भाचा कॅप्टनच्या बाजूचा. त्याचे म्हणणे थोडक्यात सांगतो, कारण ते कच्चे नाही. तो म्हणाला, "मामा, सगळे टुविक्सला रडतात, कारण तो समोर उभा राहून बोलतो. टुवॉक आणि नीलिक्स यांना बोलायला तोंडच उरले नाही. त्यांना कोणी विचारले होते का, तुम्ही मिसळून जाल का म्हणून? अपघातात त्यांचा जीव गेला आणि तो परत आणता येतो आहे. जो गप्प आहे त्याच्या वतीने बोलणे हा न्याय नाही का? आणि शेवटी एक की दोन, हिशेब सरळ आहे."

माझ्या मुलीला हिशेब मान्य नव्हता. "दादा, आमच्या वॉर्डात एक धडधाकट माणूस तपासणीला आला आणि शेजारच्या दोन खाटांवर दोघे मरायला टेकलेले असले, तर त्याचे यकृत आणि हृदय काढून त्यांना बसवायचे का? तिथेही एक आणि दोनच आहेत." भाचा म्हणाला, तो माणूस त्या दोघांतून झालेला नाही, टुविक्स झालेला आहे. ती म्हणाली, मग प्रत्येक मूल आईबापातून झालेले आहे. हा तिचा टोला मला आवडला. पण तो नेमका बसत नाही, कारण मूल होताना आईबाप नाहीसे होत नाहीत.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना हा प्रश्न जुना आहे. १९६७ साली फिलिपा फूट या इंग्रज विदुषीने सुटलेल्या ट्रामगाडीचे उदाहरण मांडले : एका रुळावर पाच माणसे, दुसऱ्यावर एक, चालकाने गाडी कोणीकडे वळवावी? बहुतेक लोक म्हणतात, एकाकडे. पण पाचांना वाचवण्यासाठी एका निरोग्याला कापावे काय, असे विचारले की तीच माणसे नाही म्हणतात. आकडे तेच असताना उत्तर फिरते, याचा अर्थ मनुष्याच्या आत आकड्यांखेरीज आणखी काही तरी मोजले जाते.

हे सगळे पोथीतलेच आहे असेही नाही. २००० साली इंग्लंडात मँचेस्टर येथे दोन जुळ्या मुली शरीराने एकमेकींस जोडलेल्या जन्मल्या. न्यायालयाने त्यांना जोडी आणि मेरी अशी टोपणनावे दिली. मेरीचे हृदय व फुप्फुसे निकामी. ती जोडीच्या रक्तावर जगत होती. तसेच ठेवले तर काही महिन्यांत दोघीही जातील आणि वेगळे केले तर मेरी तत्काळ जाईल, असे डॉक्टरांचे मत होते. आईबाप श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. न्यायाधीशांनी परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, मेरी मेली, जोडी वाचली. न्यायाधीशांना दोष द्यावा की आईबापांना, हे मी ठरवू शकत नाही. परंतु तेथे काही केले नसते तर दोघी जाणार होत्या. टुविक्सच्या बाबतीत कोणीच मरायला टेकलेले नव्हते. जे गेले होते त्यांना परत मिळवण्यासाठी, जो जिवंत उभा होता त्याला घालवले. एवढा फरक मला मोठा वाटतो.

दुसऱ्या रात्री भाच्याने मला माझ्याच शस्त्राने गाठले. तो म्हणाला, "मामा, तुम्ही दर वर्षी उत्तम शुक्रवारी काय सांगता? एक सर्वांसाठी मेला. मग टुविक्सला दोघांसाठी मरायला काय हरकत होती? तोच स्वार्थी."

मी चटकन उत्तर दिले नाही. देता आले नाही हे अधिक खरे. उठून पवित्र शास्त्र आणले आणि योहानाचा अकरावा अध्याय काढला. लाजराला कबरेतून उठवल्यावर यहूद्यांची न्यायसभा भरते. हा असाच चालू राहिला तर रोमी लोक येऊन आपले स्थान व राष्ट्र हिरावून घेतील, या भीतीने सगळे घाबरले आहेत. तेव्हा त्या वर्षीचा प्रमुख याजक कयफा बोलतो. सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा प्रजेसाठी एका माणसाने मरावे हे तुमच्या हिताचे आहे, असा त्याच्या बोलण्याचा भाव. एक विरुद्ध अनेक, सरळ हिशेब, माझ्या भाच्याचाच.

वाचकहो, येथे योहानाने जी टीप जोडली आहे तिच्याकडे नीट पाहा. कयफा हे आपल्या मनचे बोलला नाही, तो संदेश सांगत होता, असे योहान म्हणतो. म्हणजे शब्द खरे आहेत. एक खरोखरच प्रजेसाठी मरणार आहे, आणि केवळ त्याच राष्ट्रासाठी नव्हे. आपल्या तारणाचे जे सूत्र आपण व्यासपीठावरून सांगतो, ते शुभवर्तमानात प्रथम खुनाचा बेत करणाऱ्याच्या तोंडून निघते! मी ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी अभ्यास करत असताना हा उतारा 'दैवी विडंबन' या मथळ्याखाली पाठ केला होता आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. त्यातले भय मात्र त्या रात्रीपर्यंत मला जाणवले नव्हते. तेच वाक्य प्रभूचे होऊ शकते आणि कयफाचेही होऊ शकते. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. बोलणाऱ्यालाही कळत नसेल.

मग फरक कोठे? एक अध्याय मागे जा. दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. कयफा दुसऱ्याचा प्राण देऊ करतो. आणि प्रभूचे देणेदेखील सहज झाले असे समजू नये. गेथशेमानेत हा प्याला टळावा म्हणून त्याने विनवले. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती, त्याचेच होय हे होय होते. टुविक्सला ती मोकळीक कोणी ठेवली? त्याने नाही म्हटले आणि शिपाई बोलावले गेले.

"पण त्याने होय म्हणायला हवे होते," भाचा म्हणाला.

"हवे होते असेल," माझी मुलगी म्हणाली. "पण दारात शिपाई उभे करून घेतलेली देणगी म्हणजे वसुली."

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी येथे थोडे थांबतो. योनाची गोष्ट सांगताना आपण सगळेच माशाकडे धाव घेतो, कारण मुले माशाची वाट पाहत असतात. त्यामुळे पहिल्या अध्यायातले खलाशी आपल्या हातून निसटतात. तीही नौकाच, तेथेही एकाला टाकले तर बाकीचे वाचणार आहेत. शिवाय योना दोषी आहे, आणि मला उचलून समुद्रात टाका असे तो आपण होऊन सांगतो. संमतीदेखील मिळाली! तरी ते परराष्ट्रीय खलाशी काय करतात? तारू किनाऱ्याला लावण्यासाठी जिवाच्या कराराने वल्ही मारतात. समुद्र जास्तच खवळतो, सगळे उपाय हरतात, तेव्हा ते परमेश्वराला हाक मारून निर्दोष रक्ताचा दोष आमच्यावर येऊ देऊ नको म्हणून गयावया करतात आणि मग त्याला उचलतात. मूर्तिपूजक खलाश्यांनी एका माणसासाठी इतकी वल्ही मारली. व्हॉयेजरवरच्या सुशिक्षित मंडळींनी किती मारली? यहूदी शास्त्र्यांनी तर फार प्राचीन काळी असा निर्णय दिला आहे की, शत्रूने वाटेत गाठून, तुमच्यातला कोणी एक ठार मारायला आमच्या हवाली करा, नाही तर सर्वांना मारतो, असे म्हटले, तर सर्वांनी मरावे पण एकाही जिवाला हवाली करू नये. हा निर्णय माझ्या अंगावर काटा आणतो. मी तो पाळू शकेन असे म्हणण्याचे धैर्य मला नाही.

आता हे सारे आकाशातले झाले असे वाटत असेल तर आमच्या तालुक्याकडे पाहावे. याचे नाव पूर्वी सुपे तालुका असे होते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि सुपे गावच पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्यास आले. पुष्कळ कुटुंबांना रामनगरास वसवले. त्या पाण्यावर होणारी वीज राज्यभर जाते, आणि ज्या संगणकावर आम्ही टुविक्सचे मरण पाहिले तोही विजेवरच चालला. धरण नको होते असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की राष्ट्रासाठी थोड्यांनी सोसावे हे वाक्य आमच्या कानांना नवे नाही. त्याच १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ साली ते आणि दांडेली अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. वाघांसाठी रान मोकळे व्हावे म्हणून बाहेर जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला पूर्वी दहा लाख रुपये मिळत, २०२१ पासून पंधरा लाख ठरले आहेत. नियमात शब्द 'ऐच्छिक' असाच आहे, आणि तो चांगला शब्द आहे. पण म्हातारीला तिच्या अंगणात बसून, तिला कळेल त्या भाषेत, ती नाही म्हणाली तरी चहा घेऊनच उठायचे अशा मनाने कोणी विचारले, तर ती इच्छा. उत्तर आधी ठरवून विचारले तर त्या शब्दात काय राहिले? हे मी सरकारी माणसांना उद्देशून लिहीत नाही. मंडळीच्या बैठकांतही आपण माणसांना असेच विचारतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला झोप आली नाही.

आमची अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हा सारा वाद चालला असता ती पडवीच्या कडेला बसून फणसाच्या पापडांसाठी पीठ मळत होती. तिने कथा पाहिली होती. इंग्रजी समजत नसल्यामुळे भाचा मध्येमध्ये सांगत होता. अक्का सातवी पास झाली तेव्हा पुढची शाळा दूर होती, वसतिगृहात राहावे लागले असते. वडिलांची मिळकत बेताची. मागे मी आणि धाकटा भाऊ. घरात ठरले की अक्काने थांबावे, म्हणजे मुलगे शिकतील. ती काजू फोडायला जाऊ लागली. तिच्या मजुरीतून माझी पहिली वसतिगृहाची फी गेली. मी शिकलो, भाऊ शिकला. एकाच्या ठिकाणी दोन. हिशेब बरोबर आला.

ही साक्ष मी कितीदा दिली असेल! योहानाच्या पंधराव्या अध्यायावर, मित्रांसाठी प्राण देण्यावर, उपदेश करताना मी नेहमी अक्काचे उदाहरण देतो. लोकांचे डोळे पाणावतात. एकदोनदा ती समोर बायकांच्या रांगेत बसलेली असताना मी ते दिले आहे. आमच्या अक्काने आम्हां दोघां भावांसाठी आपले शिक्षण अर्पण केले, असे माझे ठरलेले शब्द आहेत.

तिसऱ्या रात्री, होय म्हणण्याची मोकळीक वगैरे मी मुलांना समजावून सांगत होतो. अक्का पिठाचा गोळा ताटलीत ठेवून म्हणाली, "मला कोण विचारलेलं?"

कोणी काही बोलेना. ती रागाने बोलली नव्हती. पापडाला मीठ पुरे झाले का, अशा आवाजात बोलली.

मी म्हणालो, "अक्का, विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"होय म्हटलं असतं, वाटतं. तुम्ही लहान होता." मग थोड्या वेळाने, "कुणास ठाऊक. नाहीही म्हटलं असतं. मला भूगोल आवडायचा."

तिचा मुलगा, जो तीन दिवस एकाविरुद्ध दोन असा हिशेब मांडत होता, तो आपल्या आईकडे पाहतच राहिला. आपली आई भूगोलाची आवडती विद्यार्थिनी होती हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. तीस-पस्तीस वर्षे मी तिचा त्याग सांगत आलो आणि तिचा विषय कोणता हे मी एकदाही विचारले नव्हते.

आमच्या आईवडिलांना मी कयफा म्हणणार नाही. ती गरीब, देवभीरू माणसे होती. त्यांच्यापुढे जी दोन वाटा होत्या त्या दोन्ही वाईट होत्या, आणि त्यांनी वल्ही मारली नसतील असे मी कसे म्हणू? कॅप्टन जेनवेबद्दलही आता माझे मत पूर्वीइतके कठोर नाही. निदान तिने यंत्र स्वतःच्या हाताने चालवले, ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले नाही, आणि बाहेर पडताना तिच्या तोंडावर विजयाचे हसू नव्हते. तिने केले ते चूक होते असे मला अजूनही वाटते. पण माझा दोष तिच्याहून वेगळा. जे घेतले होते, ते दिले गेले असे मी सांगत फिरलो. जी गोष्ट मुकाट्याने शरमेने जपायची, तिची मी साक्ष केली आणि तिच्यावर हालेलूया मिळवली. टुविक्स गेल्यावर नौकेवर प्रार्थनासभा भरवून, त्याने आपल्या मित्रांसाठी किती आनंदाने प्राण दिला, असे कोणी सांगितले असते तर कसे वाटले असते? मी तेच करत होतो.

वाटेल तेथे हे घडते. वृद्ध सासूला सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेली सून, पाळकाच्या तुटपुंज्या पगारात पोरांची शाळा बदलावी लागलेली त्याची पत्नी, भावंडांसाठी लग्न न केलेली थोरली बहीण. अशांचे आपण मातृदिनाला गुलाबाचे फूल देऊन कौतुक करतो. त्यांतल्या काहींनी खरोखर आपण होऊन दिले असेल, आणि त्यांचे ते देणे प्रभूला ठाऊक आहे. काहींना कोणी विचारलेच नाही. कोण कोणती हे बाहेरून दिसत नाही. ते कळायला त्यांच्याशेजारी बसून विचारावे लागते, आणि मिळेल ते उत्तर ऐकावे लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पापड अंगणात वाळत घातले होते. अक्का पायरीवर बसून कावळे हाकलत होती. तिने भाच्याला विचारले, "अरे, ते दोघे परत आले ना, ते लांब कानांचे आणि तो आचारी. आपल्यासाठी तो गेला हे त्यांना कुणी सांगितलं का?"

भाचा म्हणाला, "ते दाखवलेलं नाही, आई."

"तेच दाखवायला हवं होतं," ती म्हणाली. कद्र्याच्या बाजूने ढग चढले होते. वळवाची सर येणार असे दिसताच ती उठली, आणि आम्ही चौघे पापड गोळा करायला लागलो.